लाट होकुसाईची, रेषा कोणाची?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेले ‘अं…’ आणि ‘म्हणजे काय की’ तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

आज सुरुवातीलाच एक छोटं काम देतो. गाडी चालवत असाल तर नको हं, सिग्नलला सुद्धा नको. पण बस किंवा लोकलमध्ये बसला असाल तर फोनच्या कीबोर्डवर लाटेचा इमोजी शोधा. निळी लाट, वरती पांढरा फेस, पुढे झुकलेली. बघितल्याबरोबर एक चित्र आठवतं ना? टी-शर्टवर असतं, लॅपटॉपच्या स्टिकरवर असतं, कॅफेच्या भिंतीवर असतं. एक प्रचंड लाट, खाली तीन होड्या आणि मागे अगदी लहानसा फुजी पर्वत.

ते होकुसाईचं चित्र. साधारण १८३१ सालचं. तेव्हा होकुसाई सत्तरीत होता. जपानने २०२४ मध्ये एक हजार येनची नवी नोट काढली, तिच्या मागच्या बाजूला हीच लाट आहे.

माझी समजूत अशी होती की हे पेंटिंग आहे. कुठल्यातरी म्युझियममध्ये याची एकच ओरिजिनल कॉपी असणार आणि तिच्यासमोर लोक रांग लावत असणार. तसं नाहीये. हे चित्र म्हणजे लाकडी ठशांनी केलेली छपाई आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून फुलं छापायचो, आठवतंय? तत्त्व तेच, फक्त कौशल्य शंभर पायऱ्या वर. त्या काळी याच्या हजारो प्रती निघाल्या आणि एक प्रत साधारण दोन वाट्या सोबा नूडल्सच्या किमतीला मिळायची. म्हणजे आपल्याकडे एखादं पोस्टर घ्यावं तसं लोक ते विकत घ्यायचे.

आणि आता आजच्या विषयावर येतो. होकुसाईने ते छापलं नव्हतं, आणि कोरलंही नव्हतं. त्याने ते काढलं. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे घालणारा प्रकाशक आणखी वेगळा. चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बघा, एका चौकटीत चित्राचं शीर्षक आहे आणि शेजारी होकुसाईची सही. ती लाट ज्याने लाकडात कोरली त्याचं नाव तिथे कुठेच नाही. आजही आपल्याला ते माहीत नाही.

हे मला एवढं का लागलं, ते आधी सांगतो.

एक स्लाइड, एक नाव

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसमध्ये एक मोठं रिलीज झालं. सात-आठ महिन्यांचं काम. सगळ्या टीमसमोर प्रेझेंटेशन मी केलं, कारण डिझाइन माझं होतं. शेवटच्या स्लाइडवर लिहिलं होतं ‘डिझाइन आणि डेव्हलपमेंट’, आणि खाली नाव माझं. एकट्याचं. टाळ्या झाल्या, फोटो झाला.

आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहेत. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. रिलीजच्या आधीचे दोन महिने त्या रात्री उशिरापर्यंत बसून एकेक केस तपासत होत्या. पेमेंट दोनदा कापलं जाणारा एक बग होता. तो त्यांनी पकडला नसता तर टाळ्या सोडा, मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

संध्याकाळी चहाच्या मशीनपाशी मी म्हटलं, “ताई, अहो सॉरी, स्लाइडवर तुमचं नाव राहिलंच.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “असू दे रे. बग सुटला असता ना, तर बरोबर आलं असतं आमचं नाव.”

त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सहज बोलल्या. पंधरा वर्षांची सवय होती त्यात.

त्याच आठवड्यात झोप येत नव्हती म्हणून यूट्यूब चाळत होतो आणि जपानी ठसेछपाईचा एक व्हिडिओ समोर आला. बघता बघता दोन वाजले. मग ठरवलं, हे एकदा हाताने करून बघायचं. आपण इंजिनियर लोक, व्हिडिओ बघून आपल्याला वाटतं की जमेल.

लाकूड, खळ आणि माझी फजिती

आधी मूळ पद्धत सांगतो, मग माझी फजिती.

चित्रकार पातळ कागदावर शाईने रेषांचं चित्र काढतो. तो कागद चेरीच्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर पालथा चिकटवतात. चिकटवायला तांदळाची खळ. मग बोटाने कागदाची पाठ हळूहळू चोळून काढतात, म्हणजे शाईच्या रेषा फळीवर स्वच्छ दिसायला लागतात, उलट्या. आता कोरणारा काय करतो, तर ज्या रेषा दिसतात त्या तशाच ठेवतो आणि बाकीचं सगळं लाकूड काढतो. प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांनी सुरी फिरते. आणि तीही तिरकी, म्हणजे रेष वर बारीक आणि बुडाशी रुंद राहते. सरळ कापली तर दाबाखाली तुटेल.

यात एक गोष्ट लक्षात आली का? चित्रकाराचं ओरिजिनल चित्र कोरताना नष्ट होतं. कागदच कापला जातो. म्हणजे ‘लाटे’चं होकुसाईच्या हातचं अंतिम रेखाटन जगात नाही. आपण जी रेष बघतो ती कोरणाऱ्याच्या सुरीची आहे.

हे काम शिकायला साधारण दहा वर्षं लागायची. नवा मुलगा मोकळ्या जागा खोदायचा. चेहरा आणि कपाळाजवळचे केस, एकेक केस सुटा दिसेल असे, हे फक्त उस्तादाच्या हाताला.

मी पुण्याचा. चेरीची फळी कुठून आणणार? भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायचे तुकडे आणले. चित्र ठरवलं वेताळ टेकडीचं, पावसाळ्यातलं. एक ठसा रेषांचा, एक हिरव्या रंगाचा, एक आभाळाचा. तीनच. लोक वीस-वीस ठसे वापरतात, मी म्हटलं आपण मिनिमम व्हर्जन करू.

खळ केली ती गाठीगाठीची झाली. आई बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, “मला विचारायचं तरी. थंड पाण्यात पीठ आधी कालव, मग गॅसवर ठेव आणि ढवळणं सोडू नकोस.” तिला यात मोकुहांगा वगैरे काही नव्हतं. तिच्यासाठी ती पतंगाची खळ होती.

कोरायला बसलो. टेकडीच्या माथ्यावर एक झाड होतं, वीतभर लांबून दिसतं तसं, दोन-तीन रेषांचं. सुरी जरा जास्त गेली आणि प्लायच्या वरच्या थराचा कपचाच निघाला. झाड गेलं. मी खरंच डाव्या हाताने हवेत कंट्रोल झेड दाबलं. हसू नका, तुम्हीही दाबलं असतंत.

उस्ताद लोक अशा वेळी काय करायचे माहितीये? बिघडलेला भाग चौकोनी कापून काढायचे, तिथे नव्या लाकडाचा तुकडा घट्ट बसवायचे आणि परत कोरायचे. छापल्यावर कळतही नाही. मला ते जमलं नाही. माझ्या टेकडीवर झाड नाहीये.

अर्ध्या मिलिमीटरचा बग

आता छपाई. इथे खरी गंमत आहे.

प्रत्येक रंगाला वेगळा ठसा असतो, आणि एकच कागद एकामागून एक सगळ्या ठशांवर ठेवायचा. मग हिरवा रंग बरोबर टेकडीच्या रेषेच्या आतच कसा बसतो? त्यासाठी प्रत्येक फळीच्या एका कडेला दोन उथळ खाचा कोरतात. एक कोपऱ्यात, काटकोनाची. दुसरी त्याच कडेवर थोडी लांब, सरळ. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत टेकवायचा, कड दुसऱ्या खाचेला लावायची आणि कागद सोडायचा. झालं! या खाचांना ‘केंतो’ म्हणतात. जपानी बोलण्यात ‘केंतो’ म्हणजे अंदाजही, आणि ‘केंतो चुकला’ अशा अर्थाचं बोलतात तेव्हा आपण ‘नेम चुकला’ म्हणतो तसं असतं.

१७६५ च्या सुमाराला सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या वेळी अनेक रंगांची अशी छपाई बहराला आली, ती याच दोन खाचांच्या जोरावर. यंत्र नाही, लेन्स नाही, दोन खाचा.

छापताना प्रेसही नसतो. ठशावर ब्रशने पाण्यातला रंग आणि थोडी खळ पसरायची, ओलसर कागद वर ठेवायचा आणि कागदाच्या पाठीवर ‘बारेन’ घासायचं. बारेन म्हणजे तळहाताएवढी चकती. आत बांबूच्या पापुद्र्याची पिळलेली दोरी गोल गुंडाळलेली आणि वरून बांबूच्याच पापुद्र्याचं वेष्टण. त्याने घासलं की रंग कागदाच्या वर न राहता धाग्यांच्या आत जातो. त्यांचा कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा असतो, लांब धाग्यांचा, म्हणून इतक्या वेळा ओला होऊन, घासला जाऊनही फाटत नाही. त्याला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं, म्हणजे रंग फुटत नाही.

माझ्याकडे बारेनच्या जागी स्टीलच्या वाटीचा तळ. ब्रशच्या जागी बुटाच्या पॉलिशचा नवा ब्रश. कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला. तो कापसाचा, मूळ कागदासारखा नाही, पण दिसायला छान.

वीस कागद घेतले. रेषांचा ठसा वीसही कागदांवर मस्त आला. मग हिरवा सुरू केला. पहिले चार कागद एकदम फिट. सातव्याला हिरवा रंग किंचित बाहेर. बाराव्याला अर्धा मिलिमीटर. सोळाव्यापर्यंत टेकडीला हिरवी सावली पडल्यासारखं दिसायला लागलं.

मी काय केलं? आपण प्रॉडक्शनला रात्री अकरा वाजता जे करतो तेच. हॉटफिक्स. म्हटलं खाच चुकली, सुरी घेतली आणि केंतोची खाच अर्धा मिलिमीटर सरकवली. सतरावा कागद ठेवला. आता दुसऱ्या बाजूला चुकलं.

खाच चुकलेलीच नव्हती. पंखा चालू होता. रांगेत शेवटी ठेवलेले कागद वाळत होते, आणि कागद वाळला की आक्रसतो. रेषा छापल्या तेव्हा कागद मोठा होता, हिरवा छापताना तोच कागद लहान झाला होता. मूळ कारीगर कागद आदल्या दिवशी ओले करून एकावर एक रचून ठेवतात, म्हणजे सगळ्यांत ओलावा सारखा मुरतो, आणि काम संपेपर्यंत तो सांभाळतात. मी बग शोधण्याआधीच फिक्स केला, आणि चांगली खाच बिघडवून बसलो.

दुसऱ्या रविवारी परत वीस कागद. पंखा बंद, कागद ओल्या वर्तमानपत्रात आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी. नवी खाच, नवा ठसा. घामाच्या धारा. यावेळी जमलं.

आभाळ राहिलं होतं. वर गडद, खाली येता येता फिकट होत जाणारं. याला ‘बोकाशी’ म्हणतात. आपल्याला वाटतं हा ग्रेडियंट ठशात कोरलेला असेल. नाही! ठसा सपाटच असतो. छापणारा फळी ओल्या फडक्याने पुसतो, ब्रशच्या एकाच टोकाला रंग घेतो आणि तो ब्रश आडवा फिरवतो, म्हणजे एका बाजूला रंग दाट आणि दुसरीकडे विरत जातो. आणि हे प्रत्येक कागदाला नव्याने. शंभर प्रती असतील तर शंभर वेळा, आणि शंभरही एकसारख्या दिसल्या पाहिजेत. पंधराव्या कागदाला माझं मनगट बोलायला लागलं.

चाळीस कागदांतून बरे निघाले सहा.

चुकलं तरच दिसतं

ते सहा कागद दोरीवर वाळत घातले होते. चुलतभाऊ घरी आला, बघून म्हणाला, “भारी! टेकडी ओळखू येते.”

मी वाट बघत होतो की तो म्हणेल, काय रंग बसलाय रे रेषेत! नाही म्हणाला. का म्हणेल? रंग रेषेच्या आत असतो, यात सांगण्यासारखं काय आहे? त्या पसरलेल्या सोळाव्या कागदाकडे मात्र त्याचं लगेच लक्ष गेलं. “हे काय झालं?”

तिथे मला ताईंचं वाक्य खरं कळलं.

छापणाऱ्याचं काम उत्तम झालं की ते दिसत नाही. रंग जागेवर बसला, कागद आक्रसला नाही, आभाळ अलगद विरलं, तर बघणारा म्हणतो, ‘वा, काय चित्र आहे!’ आणि सहीकडे बघतो. चुकलं की मग विचारतो, कोणी छापलं? टेस्टिंगचं तसंच आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं तसंच आहे. घरी वेळेवर डबा देणाऱ्या आईचंही तसंच आहे, आणि ते मी आत्ताच गाठीच्या खळीपाशी कबूल केलंय.

म्हणजे नाव राहून जातं ते दर वेळी कोणी वाईट असतो म्हणून राहतं असं नाही. कामाचा आकारच असा असतो. पण म्हणूनच ते नाव मुद्दाम, आठवण ठेवून लिहावं लागतं. आपोआप ते येत नाही.

होकुसाईला माहीत होतं

मग मी शोधत गेलो, की जपानमध्ये याबद्दल कोणाला काही वाटलं की नाही. वाटलं.

होकुसाईलाच नीट माहीत होतं की कोण कोरतो यावर सगळं आहे. त्याने प्रकाशकाला पत्र लिहून आग्रह धरला होता, की कोरायला एगावा तोमेकिचीच हवा. बाकीचे कोरणारे माणसांची नाकं-डोळी आपल्या सवयीने बदलतात, अशी त्याची तक्रार होती. त्याचं फुजी पर्वताच्या शंभर चित्रांचं पुस्तक १८३४ मध्ये यायला लागलं, त्यात कोरणारा म्हणून या तोमेकिचीचं नाव छापलेलं आहे. १९व्या शतकाच्या मध्यावर आणखी काही चित्रांवर कोरणाऱ्याचा छोटासा शिक्का दिसायला लागतो. ‘होरीताके’ म्हणजे ‘ताकेने कोरलं’. एवढंच. कोपऱ्यात. पण आहे.

पुढे १९०४ मध्ये यामामोतो कानाए नावाच्या तरुणाने एका कोळ्याचं चित्र केलं. स्वतः काढलं, स्वतः कोरलं, स्वतः छापलं. त्यातून एक चळवळच उभी राहिली, की कलाकाराने सगळं आपल्या हाताने करावं. म्हणजे प्रश्नच मिटला, सगळीकडे एकच नाव.

तिसरा रस्ता योशिदा हिरोशी या चित्रकाराचा. तो तेलरंग आणि जलरंगांतला मोठा माणूस. १९२५ मध्ये त्याने स्वतःचा छपाईचा स्टुडिओ काढला. कोरणारे आणि छापणारे कारीगर ठेवले, पण आपणही ते काम शिकला, कारण जे काम आपल्याला येत नाही त्यावर देखरेख कशी करणार? त्याच्या नौकांच्या चित्रांत त्याने मूळ ठसे तेच ठेवून रंग बदलले आणि सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र असे वेगवेगळे प्रहर छापले. एकच कोडबेस, वेगवेगळे थीम! हा माणूस १९३०-३१ च्या हिवाळ्यात मुलाला घेऊन भारतात आला होता. परत गेल्यावर त्याने ताजमहाल छापला, बनारसचे घाट छापले, आणि आपलं वेरूळ आणि अजिंठाही छापलं. शोधून बघा. वेरूळच्या दगडाचा काळोख जपानी कागदावर कसा उतरलाय ते फोनच्या स्क्रीनवरही कळतं.

मला यातला तिसरा रस्ता जवळचा वाटतो. सगळं एकट्याने करणं मी करून बघितलं, चाळीसातले सहा निघाले. आणि ते तरी एकट्याने कुठे? प्लाय दुकानदाराने मापात कापून दिला, खळ शेवटी आईने केली. लाटेएवढं मोठं काम एका माणसाकडून होत नाही. चार हात लागणारच. मग निदान बाकीच्यांचं काम थोडं स्वतः करून बघावं, म्हणजे त्याचं वजन कळतं. आणि नावं लिहावीत.

मग काय केलं?

फार मोठं काही नाही. पुढच्या रिलीजच्या स्लाइडवर सगळी नावं घातली आणि प्रत्येकापुढे काय केलं ते लिहिलं. ‘पेमेंट दोनदा कापलं जाण्याचा बग पकडला’ असं, स्पष्ट. ‘टीमचे आभार’ हा शब्द काढून टाकला, कारण त्यात कोणीच दिसत नाही. आधीच्या वेळचंही त्या मीटिंगमध्ये बोललो, की तेव्हा हे राहिलं होतं आणि राहायला नको होतं. दोन मिनिटं अवघडल्यासारखं झालं. त्यांचं त्या वर्षीचं अप्रेझल तर होऊन गेलं होतं, ते काही माझ्या स्लाइडने बदललं नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट फार गोड होईल.

सहातला एक कागद ताईंना दिला. त्यांनी तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “छान आहे. पण डावीकडे खाली हिरवा जरा बाहेर गेलाय बघ.”

गेला होता. मला सहा प्रतींत तो दिसला नव्हता.

तर मंडळी, पुढच्या वेळी ती लाट टी-शर्टवर दिसली ना, तर फेसाच्या त्या नखांसारख्या टोकांकडे नीट बघा. रेष काळी नाहीये, निळी आहे, ते पण बघा. म्युझियममधल्या प्रतींचे मोठे फोटो ऑनलाइन मिळतात, त्यांत शीर्षकाच्या चौकटीची रेष काही प्रतींत तुटलेली दिसेल. ठसा वापरून वापरून झिजला त्याची ती खूण. अभ्यासक त्यावरून कुठली प्रत आधीची आणि कुठली नंतरची ते ओळखतात. म्हणजे कोणाच्यातरी हाताने तो ठसा किती वेळा घासला गेला, ते तिथे राहिलंय. नाव राहिलं नाही, झीज राहिली.

आणि या आठवड्यात तुमच्या ऑफिसात, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, गणपती मंडळाच्या पोस्टमध्ये एखादं नाव राहिलं असेल, तर टाकून द्या. कमेंटमध्ये इथेही लिहिलंत तरी चालेल, त्या माणसाने काय केलं त्यासकट.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या. आणि हो, खळ करणार असाल तर पीठ आधी थंड पाण्यात कालवा. हे आईकडून.